घ्यायचं, हसायचं आणि देऊन टाकायचं?

परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, शेजारच्या गोव्याच्या काकूंकडून नाताळचं ताट येईल. त्यात अंडंबिंडं असतं. घेऊन कामवालीला देऊन टाकू का?"

मंडळी, मला राग आला. भाचीचा नाही, स्वतःचाच. कारण हेच मी केलेलं आहे.

१९७४ साली लग्न होऊन मी मडगावला गेले. पहिल्याच नाताळात शेजारीण क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं ताट घेऊन आली. नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, बेबिंका. तिकडे या फराळाला कुसवार म्हणतात. मी गोड हसले, ताट घेतलं आणि मागच्या दाराने सगळं कामवालीला दिलं. ती बिचारी दोन्ही घरी कामाला! दुसऱ्या दिवशी तिने शेजारणीकडे जाऊन बेबिंकेचं तोंड भरून कौतुक केलं. शेजारीण मला एका शब्दाने बोलली नाही. पुढच्या नाताळात ताट आलंच. फक्त त्यात बेबिंका नव्हती आणि दोदोल दुप्पट होता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

आता "अंडं असतं" ही सबब बघू. बेबिंकेत बलक भरपूर असतात, खरं आहे. पण दोदोल म्हणजे तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ. दोस म्हणजे हरभऱ्याची डाळ, खोबरं आणि साखर. नेवरी तर आपली करंजीच. गोव्यातले हिंदू ती चवथीला करतात, ख्रिस्ती नाताळला. अंडं खात नसाल तर तसं सांगा, शेजारी समजून घेतात. पण ज्या घरात वाढदिवसाला बेकरीतला केक काही न विचारता चालतो, तिथे शेजारणीची नेवरी का चालत नाही? तिथे अडचण अंड्याची नसते, हाताची असते. निदान स्वतःशी तरी हे कबूल करा.

आणि जे आपल्याला चालत नाही ते कामवालीला चालतं, हा हिशोब कुठल्या शाळेत शिकवतात? मी तरी शिकवला नव्हता.

काही जण म्हणतील, आपल्या रीती सांभाळायला नकोत का? सांभाळा की! पण थोडा इतिहासही वाचा. गोव्यात इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानाने ख्रिस्ती लोकांना मीठ न घालता भात शिजवायलाही मनाई केली होती. का, तर ती हिंदूंची रीत! लोकांच्या चुलीपर्यंत पोचलेलं ते इन्क्विझिशन १८१२ साली बंद झालं. नेवरी मात्र दोन्ही घरांत राहिली. आज कुणी फर्मान काढलेलं नसताना आपणच आपल्या उंबऱ्यावर पहारा का बसवायचा?

सासूबाई गेल्या त्या वर्षी आमच्याकडे दिवाळीला कढई चढली नाही. नाताळात शेजारीण दोन ताटं घेऊन आली. दुखवट्याच्या घरी त्यांच्यातही गोडधोड करत नाहीत, शेजारी आणून देतात, असं म्हणाली. त्या संध्याकाळी मी बेबिंका सोडून ताटातलं सगळं खाल्लं.

भाचीला सांगितलं, ताट घे. जे चालत नाही ते त्यांना सरळ सांग, बाकीचं घरात सगळ्यांनी बसून खा. आणि ताट रिकामं परत करू नकोस, आपण करंज्या-चकल्या कशा घालून पाठवतो तसं काहीतरी घाल.

"बघते," म्हणाली. असो. तुमच्या घरी आलेल्या ताटाचं काय होतं, खरं खरं आठवून बघा.