तुझ्याच मशीनमध्ये प्रॉब्लेम आहे!

दर वर्षी नवीन ॲडमिशन झाल्या की हॉस्टेलच्या कंप्लेंट रजिस्टरमध्ये एफ.ई.च्या मुली लिहितात, 'नेट चालत नाही.' शेजारी शेरा पडतो, 'बाकीच्यांचे चालू आहे. लॅपटॉप तपासा.' वाचायला एकदम लॉजिकल! मीसुद्धा गेल्या वर्षापर्यंत ज्युनिअर्सना हेच ऐकवायचे.

मग एस.ई.नंतरच्या सुट्टीत एका कंपनीच्या सांगली ब्रँचला इंटर्नशिप केली. पहिल्याच दिवशी माझ्या लॅपटॉपला नेट नाही. ऑफिसातली दहाच्या दहा मशिन्स मस्त चालू. "मॅडम, तुमच्याच मशीनमध्ये प्रॉब्लेम आहे." झालं! मी दोनदा विंडोज टाकलं. शेवटी तिथल्या एका दादांनी हाताने एक आयपी ॲड्रेस टाकून दिला, नेट सुरू! तो ॲड्रेस रजेवर असलेल्या अकाउंट्सच्या काकांचा निघाला. सोमवारी काका आले आणि कॉन्फ्लिक्टचा मेसेज पाहून जे भडकले...

खरी भानगड वेगळीच होती. ॲड्रेस वाटणारा डीएचसीपी सर्व्हर पुण्याला हेड ऑफिसात. नवीन मशीन ॲड्रेससाठी हाक मारतं ती ब्रॉडकास्ट असते, आणि ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही. म्हणून ब्रँचच्या राउटरवर रिले ठेवतात. तो ही हाक पुण्याला पोचवतो आणि सोबत स्वतःचा ॲड्रेस जोडतो. त्यावरून सर्व्हरला कळतं की सांगलीच्या पूलमधला ॲड्रेस द्यायचा आहे. तिथे 15 दिवसांपूर्वी राउटर बदलला होता आणि रिलेची एक ओळ नव्या राउटरवर टाकायची राहून गेली होती.

मग जुन्यांचं कसं चाललं? ॲड्रेस हा भाड्याच्या खोलीसारखा, मुदतीवर मिळतो. अर्धी मुदत संपली की मशीन थेट त्याच सर्व्हरशी बोलून ती वाढवून घेतं. थेट बोलायला रिले लागतच नाही! म्हणजे बिघाड अख्ख्या ऑफिसचा, पण दिसतो फक्त नव्याने आलेल्याला. आणि सगळे त्याच्याकडेच बोट दाखवतात.

आपल्या हॉस्टेलचा सर्व्हरही मेन बिल्डिंगमध्ये आहे. आपणही एक ब्रँचच की! दरवेळी रिलेच गेलेला असतो असं मी म्हणत नाही. (माझ्या रूममेटचं तर वाय-फायच बंद होतं. तासभर शोधत होतो.) पण शेरा मारण्याआधी आयपीकॉन्फिग टाईप करून बघायला 10 सेकंद लागतात. ॲड्रेस 169.254 ने सुरू झाला तर मशीनने हाक मारली, पण उत्तर आलं नाही, म्हणून स्वतःच नंबर घेतला. तेव्हा त्याच जागी दुसरा, कधीच न जोडलेला लॅपटॉप लावून बघा. त्यालाही तेच झालं, तर पहिल्या लॅपटॉपचा काय दोष? आणि आपल्या रेंजबाहेरचा 192.168 वाला दिसला, तर एखाद्या सीनिअरने स्वतःचा राउटर उलटा जोडलाय, हे समजा. सीनिअर्स, हे तुमच्यासाठीच!

कंप्लेंट रजिस्टरमध्ये मी पेनने एक जादा कॉलम आखलाय, 'आयपी ॲड्रेस'. वॉर्डन मॅडम, रागावू नका. पुढचं रजिस्टर छापाल तेव्हा तो छापूनच घ्या.