कार्डाचे कर्ज व तडजोडीचा कागद

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधीच्या रविवारी, मिस्सा आटोपल्यावर सौसरकडील एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. घरी थोडा संत्र्याचा बगीचा, थोडी कपाशी. मुलगा बोरगावच्या कारखान्यात नोकरीस. सुनेच्या आजारपणात मुलाने नागपूरच्या दवाखान्याचे 40,000 रुपये क्रेडिट कार्डावर भरले होते. “दर महिन्यास 2,000 रुपये इमानाने भरतो, तरी आकडा जागचा हलत नाही. आता वसुलीवाला म्हणतो, बगीचा लिलावात काढू,” असे सांगताना त्यांचा कंठ दाटून आला.

आम्ही तेथेच हिशेब मांडला. व्याज महिना शेकडा साडेतीन, म्हणजे 1,400 रुपये. त्या व्याजावर 18 टक्के कर, 252 रुपये. मुद्दलात गेले अवघे 348! ग्राहक आयोगाने 2008 साली अशा व्याजाला वर्षाला 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केली. पांढुर्ण्याच्या गोटमारीत दगड कोठून आला हे निदान दिसते. येथे तेही दिसत नाही.

आमच्या या मुलखाला कर्जाची तडजोड नवी नाही. छिंदवाडा जिल्हा मध्यप्रांतात होता तेव्हा, 1933 साली, तेथे कर्जतडजोडीचा कायदा झाला. ऋणकोने मंडळाकडे अर्ज करावा, मंडळाने सावकारांस बोलवावे, आणि सर्वांचे ऐकून फेडता येईल असा आकडा व हप्ते ठरवावेत, अशी ती रीत होती. वाजवी देकार धुडकावणाऱ्या सावकाराची पुढे न्यायालयात अडचण होई. सावकाराला समोर बसविणे, हेच त्या कायद्याचे खरे बळ होते.

तशी मंडळे आता नाहीत. दिवाळखोरीच्या 2016 च्या संहितेतील व्यक्तींसंबंधीची कलमे सामान्य ऋणकोस अद्याप लागू झालेली नाहीत. त्यामुळे त्याच्यासाठी 1920 चा जुना प्रांतिक नादारी कायदाच उरतो. कर्ज 500 रुपयांहून कमी नसेल आणि ते फेडणे खरोखर अशक्य असेल, तर जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. धनकोंच्या संमतीने व न्यायालयाच्या मंजुरीने तडजोडीची योजनाही होऊ शकते. परंतु ती वाट लांबची व खर्चाची. 40,000 रुपयांसाठी आम्ही ती कोणास सुचविणार नाही.

त्या गृहस्थांस आम्ही प्रथम धीर दिला. कार्ड मुलाच्या नावावर. बाप जामीन नसेल तर बापाच्या स्वतःच्या शेतावर बँकेचा हक्क पोचत नाही, आणि न्यायालयाच्या हुकुमावाचून वसुलीवाला कोणाचाही बगीचा लिलावात काढू शकत नाही. सकाळी 8 च्या आधी व सायंकाळी 7 च्या नंतर वसुलीसाठी फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने 2022 साली बजावले आहे. मग मुलाकडून कार्डाचा वापर बंद करविला आणि बँकेस पत्र लिहविले: मिळकत इतकी, घरखर्च इतका, एवढे देऊ शकतो. त्यात एकही आकडा फुगवू दिला नाही. पत्राची पोच जपून ठेवली. एका कर्जासाठी दुसरे कार्ड काढण्याचा विचार मुलाच्या मनात होता. तो आम्ही मोडून काढला, थोडे रागावूनच.

दावा दाखल होण्यापूर्वीही असे प्रकरण लोकअदालतीत नेता येते. विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. 15100 या क्रमांकावर माहिती मिळते. तेथील निवाडा 1987 च्या कायद्याने न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून जो हप्ता खरोखर झेपेल तोच कबूल करावा. आणखी एक कडू गोष्ट: रक्कम कमी करून खाते मिटविले, तर पतनोंदीत ‘तडजोड’ असा शेरा राहतो आणि पुढे कर्ज मिळणे जड जाते. हे आम्ही मुलास आधीच सांगितले.

डिसेंबरात बँकेने 30,000 वर, सहा हप्त्यांत, मान्यता दिली. पहिला हप्ता आंबिया बहाराच्या पैशांतून गेला. शेवटचा भरल्यावर ‘काही येणे नाही’ असा बँकेचा लेखी दाखला घेण्यास मुलास बजावले होते. तो दाखला सुनेने स्वतः पांढुर्ण्यास जाऊन आणला आणि तांदळाच्या डब्यामागे, शेतीच्या कागदांबरोबर, ठेवला आहे.