घामाला वास नसतो

नुकत्याच आलेल्या घामाला जवळजवळ वास नसतो. उन्हात कांदा काढणाऱ्या माणसाच्या कपाळावरून ओघळलेला घाम ओठाला खारट लागतो, एवढेच. तोच घाम प्यालेला सदरा रात्रभर खुंटीला राहिला की सकाळी नाकाजवळ नेववत नाही. मधल्या वेळात काम करतात ते कातडीवरचे जिवाणू. माणसाच्या अंगावर घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी असतात. बहुतेक ग्रंथी मीठपाणी सोडून अंग थंड ठेवतात. काख, जांघ अशा मोजक्या जागी दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी असतात. त्या वयात आल्यावर जाग्या होतात आणि त्यांच्या दाटसर स्रावात स्निग्ध पदार्थ व प्रथिने असतात. कोरिनेबॅक्टेरियमसारखे जिवाणू तो स्राव फोडतात आणि त्यातून आंबूस आम्ले व गंधकयुक्त संयुगे सुटतात. म्हणूनच दिवसभर मातीत खेळलेल्या सहा वर्षांच्या पोराच्या काखेला वास येत नाही, आणि दोनदा आंघोळ करणाऱ्या त्याच्या दहावीतल्या भावाच्या काखेला येतो.

एवढे कळल्यावर ‘आंघोळ करत नाही वाटतं’ हा टोमणा किती अन्यायाचा आहे ते ध्यानात येते. कातडीवर कोणते जिवाणू वस्तीला आहेत, ग्रंथी किती स्रवतात, आईबापांकडून कोणती जनुके आली, यांवर वास ठरतो. एबीसीसी११ या जनुकाच्या एका प्रकारामुळे चीन, जपान, कोरियातल्या बहुसंख्य लोकांच्या काखेला जवळपास वासच नसतो. ती त्यांची जन्मजात देणगी आहे, स्वच्छतेचे बक्षीस नव्हे.

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईसारख्या गावात हा प्रश्न दोन जागी भेटतो. एक कांदा साठवायच्या बराखीत, जिथे कांदा निवडणाऱ्या बायांच्या हातालुगड्याला उग्र दर्प बसतो. तो बाहेरून लागलेला असतो आणि धुतल्यावर जातो. दुसरी जागा रांजणगावच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांची. तिथला दर्प हटवादी असतो आणि त्याचा मोठा वाटा अंगाचा नसून गणवेशाचा असतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये २६ जणांचे घामेजलेले टी-शर्ट तपासले. सुतीपेक्षा पॉलिएस्टरला जास्त आणि जास्त वाईट वास येत होता, कारण मायक्रोकोकस नावाचे जिवाणू त्या धाग्यावर चांगले फोफावतात. शिवाय पॉलिएस्टर तेलकट अंश धरून ठेवते. धुऊन स्वच्छ दिसणाऱ्या सदऱ्याच्या काखेवर गरम इस्त्री टेकवली की कालचा वास आज वर येतो, तो यामुळेच. असा सदरा उलटा करून पांढरे व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवावा, मग पावडरने धुवावा आणि उलटाच कडक उन्हात वाळवावा. मात्र व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये, विषारी वायू सुटतो. आठ तास भट्टीशेजारी उभे राहणाऱ्याला सुताचे प्रमाण जास्त असलेला गणवेश आणि बदलायला दुसरा जोड देणे ही कारखान्याची जबाबदारी आहे. ती कामगाराच्या साबणावर ढकलणे बरोबर नाही.

कवठ्याचे नाव तमाशामुळेही महाराष्ट्रभर आहे. तमाशा कलावंत गंगारामबुवा कवठेकर आणि लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर याच गावचे. रात्रभर दिव्यांखाली नाचणाऱ्या कलावंतांच्या अंगावर जरीचे, टिकल्यांचे जड कपडे असतात आणि ते रोज धुता येत नाहीत. जगभरच्या रंगभूमीला हीच अडचण आहे. परदेशी नाटकमंडळींत अशा कपड्यांवर आतून व्होडका फवारण्याची रीत आहे. मद्यार्काने काही जिवाणू मरतात आणि तो चटकन उडून जातो. जड कपड्याच्या आत सुती बंडी घालणे आणि खेळ संपताच कपडे पेटीत न कोंबता वाऱ्यावर टाकणे, हे त्याहून स्वस्त आणि उपयोगीही.

अंगासाठीचे उपायही साधे आहेत, पण क्रम पाळावा लागतो. काखेत साबण हाताने चोळून लावावा, नीट धुवावा आणि जागा पूर्ण कोरडी करावी. दाट केस कापल्याने फरक पडतो. डिओ वास झाकतो आणि थोडेफार जिवाणू रोखतो. घाम कमी करते ते ॲल्युमिनियमचे क्षार असलेले अँटीपर्स्पिरंट. ते रात्री, कोरड्या काखेत लावायचे असते. सकाळी घाईत ओल्या अंगावर लावले तर पैसे वाया जातात. तुरटी हाही ॲल्युमिनियमचाच क्षार आहे, म्हणून जुन्या माणसांच्या तुरटीत तथ्य आहे. लिंबू आणि खायचा सोडा मात्र काखेची नाजूक कातडी जाळतात. सेफ्टी बुटांमुळे तळव्याला बारीक खड्डे पडून घाण वास येत असेल, तर तो जिवाणूंचा संसर्ग असतो. मलमाने बरा होतो. लसूण, कांदा, मेथी यांचा गंध काही जणांच्या घामात उतरतो. आठवडाभर सोडून पाहावे, कायमचे सोडायची गरज बहुधा पडत नाही.

एवढे करूनही वास हटत नसेल, तर डॉक्टर गाठावा. अतिघामावर औषधे आणि इंजेक्शने आहेत. अंगाला मासळीसारखा वास येणे हा ट्रायमिथाइलअमिन्युरिया नावाचा दुर्मीळ, बहुधा जन्मजात विकार असू शकतो. त्यात आहार बदलावा लागतो. मधुमेही माणसाच्या श्वासाला पिकल्या फळासारखा वास येऊन उलट्या किंवा धाप सुरू झाली, तर त्याच तासाला दवाखान्यात न्यावे.

नाक स्वतःच्या वासाला लवकर सरावते, त्यामुळे ज्याच्या अंगाला वास येतो त्यालाच तो कळत नाही. उलट काहींना वास नसतानाही तो येतोय याची खात्री वाटते. ते माणसांत जाणे सोडतात. त्यांना मानसोपचाराने बरे वाटते. दोघांनाही खरे सांगणारे एक जवळचे माणूस लागते. गाडीत नाकाला रुमाल लावण्यापेक्षा बहिणीने, मित्राने, बायकोने एकांतात सरळ सांगावे, आणि सोबत दवाखान्यातही जावे.