त्या रात्री दारावर तीनदा थाप पडली

गेल्या महिन्यात अहिल्यानगरहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती वीस वर्षांची, बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. "ताई, मी आफ्रिकेत चाललेय. दोन महिन्यांसाठी, अनाथ मुलांच्या वसतिगृहात सेवा करायला!"

त्यांच्या चर्चमध्ये एका रविवारी आलेल्या पाहुण्यांनी तिथल्या मुलांचा व्हिडिओ दाखवला होता. त्या रात्री हिला झोप लागली नाही. आता घरात दोन तट पडलेत. मावशी म्हणते, "देवानं हाक दिलीय, अडवू नका." काका म्हणतात, "आधी परीक्षा दे, मग जगाचं बघ." आणि ताईला विचारलं की काहीतरी मधलं उत्तर मिळेल, अशी हिला आशा.

तिचा प्रश्न मात्र खरा होता. "दोन महिन्यांत मी तिथं नक्की काय करू शकेन गं?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. मग मी तिला आमच्या चेन्नईपासून फार दूर नसलेल्या एका गावात घडलेली गोष्ट सांगितली. तुमच्यापैकी काहींनी ती संडे स्कूलमध्ये ऐकलीही असेल. पण मोठेपणी ती पुन्हा ऐकली की वेगळी वाटते.

राहायचं नव्हतं तिला

गोष्टीतली मुलगी आहे आयडा स्कडर. तिचे आजोबा डॉ. जॉन स्कडर हे अमेरिकेतून आलेले मिशनरी डॉक्टर. मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, त्यांनी बरीच वर्षं काम केलं. वडीलही मिशनरी डॉक्टर. आयडाचा जन्म १८७० मध्ये राणीपेटला झाला. लहानपणी तिनं इथला मोठा दुष्काळ पाहिला. पुढं ती अमेरिकेत शिकायला राहिली आणि आईवडील पुन्हा भारतात आले. आईवडिलांच्या सेवेची किंमत त्या लहान मुलीनंही मोजली होती. त्यामुळं मिशनरी व्हायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. अमेरिकेतच लग्न करून चारचौघींसारखा संसार मांडायचा, एवढंच तिचं स्वप्न.

१८९० मध्ये आई आजारी पडली म्हणून ती तिंडिवनमला आली. आईला बरं वाटेपर्यंत थांबायचं आणि परत जायचं, असा बेत होता. आजच्या भाषेत सांगायचं तर तीही थोड्या दिवसांसाठी आलेली स्वयंसेविकाच होती.

एका रात्री दारावर थाप पडली. बाहेर एक ब्राह्मण तरुण उभा होता. त्याची बायको बाळंतपणात अडली होती. "तुम्ही चला," तो आयडाला म्हणाला. आयडानं सांगितलं, "मी डॉक्टर नाही. माझे वडील डॉक्टर आहेत, ते येतील." पण परपुरुषानं बायकोला तपासणं त्याच्या घरात चालणारं नव्हतं. तो मान खाली घालून निघून गेला.

थोड्या वेळानं दुसरी थाप पडली. या वेळी एक मुसलमान गृहस्थ आले होते. तीच अडचण, तीच विनंती आणि वडिलांचं नाव काढताच तोच नकार. मग तिसरा माणूस आला, एका वरच्या जातीतला हिंदू. त्याचंही तेच.

तीन घरं, दोन धर्म आणि एकच रात्र. घरात डॉक्टर होता, तो यायला तयार होता, तरी त्या तीन बायकांना त्याचा काही उपयोग नव्हता. आणि जिच्यासाठी त्या घरांची दारं उघडली असती, तिला काहीच येत नव्हतं.

सकाळी गावातून अंत्ययात्रेच्या ढोलांचा आवाज आला. आयडानं चौकशीला माणूस पाठवला. तिघीही गेल्या होत्या.

दया होती, विद्या नव्हती

ही गोष्ट बहुतेक वेळा इथंच थांबवतात. आयडाला देवाचं पाचारण झालं, तिनं आयुष्य वाहून घेतलं, आमेन. ते खरंच आहे. पण माझ्या बहिणीला मला यापुढचा भाग सांगायचा होता.

आयडानं त्या सकाळी काय केलं नाही, ते बघा. ती औषधांची पेटी उचलून गावात गेली नाही. तिच्या मनात दया भरपूर होती, पण अडलेली बाई दयेनं सुटत नाही, हे तिनं रात्रभर पाहिलं होतं. तिनं आईवडिलांना सांगितलं की मी अमेरिकेला जाऊन डॉक्टर होऊन येते. १८९५ मध्ये तिनं फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. पुढं कॉर्नेलचं मेडिकल कॉलेज मुलींसाठी खुलं झालं, तेव्हा ती तिथं गेली आणि १८९९ मध्ये डॉक्टर झाली.

फिलाडेल्फियाचं हे कॉलेज आपल्या ओळखीचं आहे. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये तिथूनच डॉक्टर झाल्या. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. तेच दुःख घेऊन त्या समुद्र ओलांडून गेल्या. पदवी घेऊन परतल्या, पण क्षयानं त्यांना काम करू दिलं नाही. १८८७ मध्ये पुण्यात त्या गेल्या, तेव्हा बावीस वर्षांच्याही नव्हत्या. त्यांच्यानंतर १८९२ मध्ये गुरुबाई करमरकर ही मराठी ख्रिस्ती तरुणी त्याच कॉलेजातून डॉक्टर झाली. परत येऊन तिनं मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये कित्येक वर्षं रुग्णसेवा केली.

एक कल्याणची हिंदू लेक, एक मराठी ख्रिस्ती डॉक्टर आणि एक मिशनरी घरातली अमेरिकन मुलगी. तिघींच्या वाटा निरनिराळ्या, पण गरज एकच होती. बायकांना बाई डॉक्टर हवी होती. त्या गरजेसाठी तिघीही आधी विद्यार्थिनी झाल्या.

एका खाटेचा दवाखाना

१९०० च्या सुरुवातीला आयडा परत आली, या वेळी वेल्लोरला. वडिलांच्या हाताखाली शिकायचं असं ठरलं होतं, पण काही महिन्यांतच वडील वारले. एका छोट्या खोलीत, एका खाटेवर तिचा दवाखाना सुरू झाला. अमेरिकेत असताना न्यूयॉर्कच्या एका बँकरनं पत्नीच्या स्मरणार्थ १०,००० डॉलर दिले होते. त्यातून १९०२ मध्ये बायकांसाठी ४० खाटांचं रुग्णालय उभं राहिलं. ज्यांना वेल्लोरला येणं जमत नव्हतं, त्यांच्यासाठी ती ठरलेल्या दिवशी आसपासच्या गावांना जायची. रस्त्याकडेच्या झाडाखाली पेशंट वाट बघत बसलेले असायचे.

पण एक बाई किती घरांच्या हाकेला ओ देणार? म्हणून १९०९ मध्ये तिनं परिचारिकांसाठी शाळा काढली आणि १९१८ मध्ये मुलींसाठी मेडिकल स्कूल सुरू केलं. मुली येणारच नाहीत, तीन अर्ज आले तरी नशीब समजा, असं तिला ऐकवलं गेलं होतं. पहिल्याच वर्षी १५१ अर्ज आले!

तेच आजचं वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, आपल्या तोंडी असलेलं सीएमसी. पुढं डॉ. हिल्डा लाझरस या त्याच्या पहिल्या भारतीय संचालक झाल्या. आयडा स्कडर १९६० मध्ये कोडाईकनालला वारल्या, तेव्हा काम चालवायला कुणा पाहुणीची गरज उरली नव्हती. मला त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

चेन्नईहून काटपाडी दोनेक तासांवर आहे. तिथं उतरलात तर स्टेशनवरच फाइली छातीशी धरलेली कुटुंबं दिसतात. बंगालमधून, झारखंडमधून, थेट बांगलादेशातून आलेली. त्यातल्या किती जणांना तिंडिवनमची ती रात्र माहीत असेल?

आणि त्या तिघी? आयडाचं नाव कॉलेजच्या इतिहासात आहे. त्या तिघींची नावं मात्र मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेली नाहीत. या गोष्टीची सुरुवात त्यांच्यापासून होते, हे तरी विसरायला नको.

निघण्याआधी चार प्रश्न

हे सगळं ऐकून माझी बहीण हिरमुसली. "म्हणजे मी जाऊच नको?"

तसं नाही. जाण्यात खूप काही आहे. आयडा तिंडिवनमला आलीच नसती, तर ती थाप तिला ऐकूच आली नसती. पण वसतिगृहातल्या मुलांचा विचार करा. दर दोन महिन्यांनी नवी ताई येते, कुशीत घेते, गाणी शिकवते, फोटो काढते आणि रडत रडत विमानात बसते. ज्या मुलाला आधीच कुणीतरी सोडून गेलेलं आहे, त्याला ती पुन्हा एकदा सोडून जाते. आपल्यासाठी तो आयुष्यभराचा अनुभव असतो. त्याच्यासाठी तो आणखी एक निरोप असतो.

म्हणून आम्ही दोघींनी फोनवरच चार प्रश्न काढले. तुमच्या घरातलं कुणी असं निघालं असेल, तर त्यांनाही उपयोगी पडतील.

१. तिथल्या लोकांनी नक्की कोणती मदत मागितली आहे? की आपणच ठरवलंय?

२. ते काम मला येतं का? येत नसेल, तर निघण्याआधी काय शिकून घेऊ?

३. मी परत आल्यावर ते काम कोण करणार? तिथल्याच कुणाला माझ्यामुळं काही शिकता येईल का?

४. मुलांजवळ जाणाऱ्या माणसांची ती संस्था नीट चौकशी करते का? मुलांचे फोटो कुठंही टाकू नयेत, असा नियम आहे का? माझी काहीच चौकशी न करता लगेच "या" म्हणत असतील, तर तिथं आपणच दोनदा विचार केलेला बरा.

दुसऱ्या दिवशी तिनं हे प्रश्न त्या संस्थेला मेलनं पाठवले. आठवड्यानं उत्तर आलं. मुलांना सांभाळायला तिथल्याच बायका आहेत, त्यांना आणखी हात नकोत. पण त्या बायकांना कॉम्प्युटरवर हिशोब ठेवायला आणि इंग्रजीत पत्रं लिहायला शिकायचं आहे. ते कुणी शिकवेल का?

"ताई, हे व्हिडिओत नव्हतं गं," ती म्हणाली. आवाजात थोडी निराशा होती. कुशीत मुलं घेतलेला फोटो आता मिळणार नव्हता.

मग जरा वेळानं म्हणाली, "हिशोब मलाही नीट येत नाही. काकांकडून शिकून घेते."

काका म्हणजे माझे वडील. तिच्या त्या काकांनी तीस वर्षं पतसंस्थेत हिशोब लिहिलाय. आता रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर शिकवणी चालते. जमा कुठं, नावे कुठं, यावरून दोघांची जोरात भांडणं होतात. परीक्षा झाल्यावर जायचं ठरलंय. प्रार्थनेत तिची आठवण ठेवा.