हात लावायला पुढे कोण होणार?



उसाचा हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर रस्त्याची काय अवस्था होते, ते या भागातल्या वाचकांना सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, आणि कारखान्यावर नंबर लावण्याची घाई. पण आज सांगायचा प्रसंग उसाच्या गाडीचा नाही. अंथुर्ण्याच्या पुढे पन्नाशीतल्या एका गृहस्थाने मोटारसायकल कडेला लावली, तो खाली बसला आणि बसल्या जागी आडवा झाला. धक्का नाही, रक्त नाही. आमची एस.टी. थांबली, लोक उतरले, कडे करून उभे राहिले. एकाने नाकाला कांदा लावा म्हणून सांगितले. दुसरा तोंडात पाणी ओतायला निघाला. दोघांनी मोबाईल वर केले. आणि एक म्हातारबाबा विचारू लागले, "कुठला म्हणायचा हा? कुणातला?"

तेवढ्यात गाडीतून एक मुलगी उतरली. बारामतीला नर्सिंग शिकणारी, वय जेमतेम वीस. तिने त्या माणसाचे खांदे हलवून हाका मारल्या, छातीकडे पाहिले आणि पाणी ओतणाऱ्याचा हात धरला. एकाकडे बोट दाखवून म्हणाली, "काका, तुम्ही १०८ ला फोन लावा." मग गुडघ्यांवर बसून तिने छाती दाबायला सुरुवात केली. "अगं पोरी, बरगड्या मोडतील," कोणी ओरडले. ती न थांबता म्हणाली, "मोडल्या तर जुळतील." ती दमली तेव्हा कंडक्टरला शेजारी बसवून तिने दाब कसा द्यायचा ते दाखवले. रुग्णवाहिकेत घालताना त्या गृहस्थाची छाती आपली आपण हलत होती.

म्हातारबाबांच्या प्रश्नाचा राग धरण्यात अर्थ नाही, पण तो प्रश्न साधाही नाही. 'यंग इंडिया'च्या १२ डिसेंबर १९२९ च्या अंकात काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र छापून आले होते. बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. रोग्याला वस्तीबाहेर आणा म्हणाला. बाहेर आणल्यावर त्याने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. परतही त्याच वाटेने. हात न लावताच न्यूमोनिया ठरवला. बाई गेली. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हा प्रसंग मुद्दाम घेतला आहे. खुद्द बाबासाहेबांना त्याच वर्षी चाळीसगावला टांग्यातून पडून पायाचे हाड मोडून घ्यावे लागले, कारण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. शेवटी सवय नसलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला. म्हणून छातीवर हात ठेवण्याआधी 'कुणातला' विचारणारा समाज आणि काही न विचारता गुडघ्यावर बसणारी मुलगी, यांत किती अंतर आहे ते आपल्याला दुसऱ्या कोणी समजावायला नको.

आता त्या विद्येविषयी. तिला सीपीआर म्हणतात. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथील डॉक्टरांनी १९६० साली दाखवून दिले की छाती न उघडता, बाहेरून दाब देऊनही बंद पडलेल्या हृदयाकडून रक्त पुढे ढकलता येते. मेंदूला रक्त मिळाले नाही तर चार ते सहा मिनिटांत तो निकामी होऊ लागतो. १०८ ची गाडी फुकट आहे, २०१४ पासून महाराष्ट्रात आहे, पण शेतरस्त्यावर ती एवढ्या वेळात पोहोचेल असे समजू नका. मधली मिनिटे जवळच्या माणसाचीच.

हाक मारून उत्तर नाही, आणि श्वास नाही किंवा पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा अधूनमधून आ वासणे आहे, तर हृदय बंद पडले असे समजावे. त्या आ वासण्याला लोक श्वास समजतात आणि वेळ घालवतात. माणूस कठीण जमिनीवर उताणा. तळहाताची टाच छातीच्या मधोमध, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. शिकलेले नसाल तर तोंडाने श्वास देण्याच्या भानगडीत पडू नका, नुसता दाब पुरे. मात्र कालव्यात किंवा शेततळ्यात बुडालेल्याला आणि लहान मुलाला श्वासही लागतो, म्हणून तर शिकायचे. मोटरीचा शॉक बसलेल्याला आधी हात लावायचा नाही, आधी स्टार्टर नव्हे, मेन स्विच बंद.

आणि अपघातातला जखमी श्वास घेत असेल तर छाती दाबू नये. तिथे स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरणे हेच मोठे काम. त्याला ओढून उठवून बसवू नये, मान हलवू नये.

पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून लोक बाजूला होतात. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. जखमीला पोहोचवणाऱ्याला दवाखाना अडवून ठेवू शकत नाही.

हे वाचून येणारे काम नाही, पुतळ्यावर हात बसवावा लागतो. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. विहाराच्या समितीने तिथे अर्ज देऊन एका रविवारी दोन तास मागून घ्यावेत. चौदा एप्रिलच्या आधी झाले तर फारच चांगले. एप्रिलचे ऊन आणि मिरवणुकीतली गर्दी आपण दरवर्षी पाहतो. बायकांना पुढच्या रांगेत बसवा. हृदय बंद पडते ते बहुतेक वेळा घरातच, आणि दिवसा घरी त्याच असतात. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलावा लागतो, तेव्हा एका घरातून निदान दोघे तरी यावेत. सासू आणि सून आल्या तर उत्तमच.