ओरिजिनल रबराचं सोवळं



मोटारसायकलवर लिहायचा या मास्तरला काय अधिकार, असं काही जण विचारतीलच. मराठी घेऊन बी.ए. झालो, आयुष्यभर व्याकरण आणि इतिहास शिकवला, हे खरं. पण पुतण्याची फटफटी आमच्याच अंगणात उभी असते, रविवारी तिच्याभोवती त्याची मित्रमंडळी जमते, आणि चहाचे कप नेता-आणताना जे कानावर पडतं त्याने माझं डोकं तापतं. म्हणून आज भांडायचं ठरवलंय. नातेवाइकांनी राग मानू नये. (मानलात तरी चालेल, पण मग खाली प्रतिक्रिया लिहा.)

वाद ब्रेकच्या नळीचा आहे. हँडलवरचा लिव्हर दाबला की ब्रेक ऑइल ज्या रबरी नळीतून चाकापर्यंत जोर पोचवतं, ती काढून पोलादी तारांच्या जाळीची नळी बसवावी, असं कोपऱ्यावरचा मेस्त्री सांगतो. मंडळी म्हणतात, छे! का? तर आहे ती नळी 'ओरिजिनल' आहे.

आता हे ओरिजिनल काय आहे ते बघा. गाडी राजदूत ३५०. जपानच्या यामाहा आरडी ३५०ला पुढे डिस्क ब्रेक होता. एस्कॉर्ट्सने १९८३ साली तीच गाडी आपल्याकडे आणली ती पुढे ड्रम लावून. पळायची झकास, थांबायला मात्र कुरकुरायची, ही तिची तेव्हापासूनची ख्याती. म्हणून आमच्या चिरंजीवांनी (पुतण्या असला तरी चिरंजीवच) परदेशातून जुन्या जपानी आरडीचा डिस्क, कॅलिपर, वरचा सिलिंडर असा सगळा सरंजाम मागवला, नळीसकट. म्हणजे ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिला ही नळी नव्हतीच! ज्या गाडीचा अख्खा ब्रेक बदलला, तिथे नळीपुरतं सोवळं पाळायचं, याला काय म्हणावं?

बरं, मूळ आरडी १९७३ ते ७५च्या. नळीचं वय पन्नाशीच्या घरात. रबर कपाटात नुसतं ठेवलं तरी म्हातारं होतं, त्यामुळे 'जुन्या साठ्यातली, कधीच न वापरलेली' असं सांगून जी विकतात तीही काही तरुण नसते. बाहेरून चिरा दिसल्या तर निदान कळतं तरी. आतलं अस्तर फुगलं किंवा सुटलं तर बाहेरून काही दिसत नाही. लिव्हर जोरात दाबला की ऑइल पुढे जातं, सोडल्यावर परत यायला वाट मिळत नाही, आणि ब्रेक घासत राहतो. मग लोक कॅलिपर उघडून बसतात, पिस्टनला शिव्या देतात. दोष असतो नळीत!

शाळेत शेजारच्या वर्गातून विज्ञानाच्या सरांचा पास्कलचा नियम इतकी वर्षं ऐकला की मलाही पाठ झाला. बंद द्रवावर दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोचतो. नळी फुगली की लिव्हरची काही हालचाल ती फुगवण्यातच खर्ची पडते. हाताला स्पंज दाबल्यासारखं लागतं. जाळीच्या नळीत आत टेफ्लॉन असतं आणि वरून पोलादी तारांचं विणकाम, त्यामुळे ती फारशी फुगत नाही. बस्स, एवढाच तिचा गुण. तिने ब्रेक दुप्पट होत नाही, टायरची पकड वाढत नाही. तसं सांगून विकणारे लबाड आहेत, आणि चकाकते म्हणून लावणारे हौशी त्यांचे भाऊ.

या हौशी मंडळींवरही माझा राग आहे. नवी नळी आणतात आणि जोडावरचे तांब्याचे वायसर जुनेच ठेवतात. तांबं एकदा दाबून बसलं की त्या जोडाच्या मापाचं होतं, दुसऱ्यांदा बसवलं तर गळण्याची भीती. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून, पुढचं चाक उचलून, नळी ताणते का हे कोण बघतो? वरचं प्लास्टिकचं आवरण नसेल तर ती जाळी कानशीसारखी रंग खाते. आणि बोल्टच्या आट्यांचं काय? जपानी गाडीला बहुधा सव्वा मिलिमीटरच्या आट्या, युरोपी सामानाला एकच्या. जोर लावून 'बसवला' की सिलिंडरचं वाटोळं.

सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे नळी नवी आणि ऑइल जुनंच. डॉट ४ हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताजं असताना ते किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ही मर्यादा १५५वर येते. उकळलं की वाफ, आणि वाफ दाबली जाते, मग लिव्हर थेट मुठीला टेकतो. या टू-स्ट्रोक गाड्यांना उतारावर इंजिनाचा अडसर जेमतेम. घाट उतरताना सगळा भार ब्रेकवर. मंडळींची सहल कुठे, तर पुण्याहून ताम्हिणी उतरून कोकणात. मागे सूनबाई.

"काका, स्पर्धेत ओरिजिनल नसलं तर गुण कापतात," पुतण्या म्हणाला. अरे, काळ्या आवरणाची जाळीची नळी मिळते, तीन हातांवरून परीक्षकालाही रबरीच वाटेल. आणि कापले दोन गुण तर कापले. जुन्या वाड्याची डागडुजी करताना सागवानी खांब राखावेत, कोनाडे राखावेत, पण भिंतीतली कापडी वेष्टणाची कुजकी वायर कोण 'ओरिजिनल' म्हणून ठेवतो? टायर जुने ठेवता का? प्लग ठेवता? मग जीव ज्या वीतभर जाडीच्याही नसलेल्या नळीवर टांगलाय, तीच तेवढी पवित्र?

असो. पुतण्याचं म्हणणं, दिवाळीनंतर बघू. सहल दिवाळीच्या आधी आहे. सूनबाईला मी माणगावची एसटी किती वाजता सुटते ते विचारून ठेवायला सांगितलंय.