अनध्यायाचा हिशेब मागू नये

धर्मशास्त्र शिकणाऱ्या मुलाने सुट्टीत गोष्टीचे पुस्तक उघडले की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. ही आठी जुनी आहे आणि तिला पंथ नाही. जुन्या दिल्लीतल्या मदरशातले उस्ताद असोत की वेदपाठशाळेतले गुरुजी, दोघांचा सूर एकच: ज्या जिभेवर ईश्वराचे शब्द बसवायचे, तिला हा चटोरपणा कशाला? या आक्षेपाला बुजगावणे करून लोळवण्यात काही पुरुषार्थ नाही. म्हणून आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण वजनानिशी मांडतो.

आक्षेप तीन आहेत. पहिला, पाठ मोडतो. दुसरा, मन विटाळते. तिसरा सर्वांत सभ्य: वाचा ना, पण बोधपर वाचा. आणि हे म्हणणारे कोणी ऐरेगैरे नव्हते. स्वामी दयानंदांनी ‘सत्यार्थप्रकाश’च्या तिसऱ्या समुल्लासात विद्यार्थ्याने टाळायच्या ग्रंथांची यादीच दिली आहे, तीत ‘रघुवंश’, माघ आणि ‘किरातार्जुनीय’ आहेत. कालिदाससुद्धा बाहेर! जवळपास त्याच काळात, 1874 मध्ये, डेप्युटी नझीर अहमद यांची ‘तौबतुन्नसूह’ ही कादंबरी आली. हे गृहस्थ दिल्लीच्या औरंगाबादी मशिदीतल्या मदरशात शिकले आणि पुढे दिल्ली कॉलेजात गेले. कादंबरीत दिल्लीला पटकीची साथ येते. मरणाच्या दारातून परतलेला नसूह घर सुधारायला निघतो आणि शायर असलेल्या थोरल्या मुलाची, कलीमची, पुस्तके जाळून टाकतो. लेखकाची सहानुभूती बापाकडे आहे. पूर्वपक्षाला याहून भारदस्त वकील मिळणे कठीण.

आता एकेक मुद्दा घेऊ.

पाठ मोडतो, यात तथ्य आहे. कुराण मुखोद्गत केलेल्या मुलाला रोजची उजळणी चुकवून चालत नाही. मदरशाचे वर्ष शाबानमधल्या परीक्षांनी संपते आणि शव्वालमध्ये नवे सुरू होते. मधल्या रमझानच्या सुट्टीतही हाफिज मोकळा नसतो. रोज रात्री तरावीहच्या नमाजात त्याला आपला भाग बिनचूक म्हणायचा असतो. वेदपाठशाळेतल्या घनपाठ्याची आवृत्तीही अशीच चिवट. पण उजळणीला दिवसाचे काही तास लागतात, अख्खा दिवस नव्हे. उरलेल्या तासांवर हक्क कोणाचा, एवढाच वाद आहे.

आणि त्या तासांची सोय परंपरेनेच करून ठेवली आहे. मनुस्मृतीचा चौथा अध्याय उघडून पाहा. अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी, चतुर्दशी तर आहेतच. शिवाय ढग गडगडले, धुळीचे वादळ उठले, कोल्हे ओरडले, गावावर संकट आले, की वेद मिटून ठेवा. जणू अभ्यास बंद ठेवायला निमित्तच शोधले आहे. मौज पुढेच आहे. कूर्मपुराण सांगते की हा अनध्याय, म्हणजे वेदपठणाची सुट्टी, वेदांगांना लागू नाही आणि इतिहास-पुराणांनाही नाही. म्हणजे वेद बंद असताना नळ-दमयंतीची गोष्ट उघडी! कोणी म्हणेल, ती तर पवित्र गोष्ट. असेल. पण जुगारात राज्य हरलेला, भर रानात बायकोला झोपेत टाकून पळालेला राजा कोणी केवळ पुण्यासाठी ऐकत नाही. पुढे काय झाले या ओढीने ऐकतो. ती ओढ शास्त्रकारांना ठाऊक होती आणि त्यांनी तिला दारातून हाकलले नाही.

दुसरा आक्षेप मन विटाळण्याचा. त्याला उत्तर मदरशाच्या अभ्यासक्रमातच आहे. दर्स-ए-निझामी या अभ्यासक्रमात अरबी साहित्य म्हणून हरीरीचे ‘मकामात’ शिकवतात. त्यातला पहिलाच प्रसंग घ्या. सना शहरात एक माणूस मृत्यूची आणि पश्चात्तापाची आठवण देणारे असे प्रवचन करतो की ऐकणारे रडू लागतात आणि त्याची झोळी भरते. निवेदक त्याच्या मागोमाग गुहेपर्यंत जातो, तर महाराज भाजलेले करडू आणि मद्याचा घडा पुढ्यात घेऊन बसलेले! हा अबू झैद, पट्टीचा ठग आणि भाषेचा बादशहा. आठशेहून अधिक वर्षे धर्माचे विद्यार्थी त्याच्या लबाड्या वाचत आले. त्याने धर्म बुडाला नाही. उलट प्रवचनकाराची झोळी पाहण्याची नजर मिळाली असेल, तर ती धर्माच्याच कामाची.

विटाळाची यादी करणाऱ्यांनी नझीर अहमदांचे पुढे काय झाले तेही पाहावे. मौलाना अशरफ अली थानवींच्या ‘बहिश्ती झेवर’मध्ये घातक पुस्तकांची यादी आहे. तीत नझीर अहमदांच्या ‘मिरातुल उरूस’सारख्या सोज्ज्वळ कादंबऱ्यांबद्दलही इशारा आहे: काही जागा चांगल्या, काही श्रद्धा ढिली करणाऱ्या. पुढे त्यांच्या ‘उम्महातुल उम्मा’ या पुस्तकावर गदारोळ उठला आणि त्याच्या प्रती दिल्लीतच जाळल्या गेल्या. कादंबरीत लावलेली काडी लेखकाच्याच दारापर्यंत आली. कारण शुद्धीच्या यादीला तळ नसतो. आज तुम्ही कालिदास काढाल. उद्या तुमच्याहून कडक कोणी येईल आणि तुम्हालाच काढेल.

उरला तिसरा आक्षेप, बोधपर वाचनाचा. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेत न्याय, अलंकार आणि धर्मशास्त्र शिकलेले कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी मराठीत आणले काय? ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’! जिन, चोर, सुलतान, कपटी बायका, जादूचे दिवे. पुढे हे काम तडीस नेण्यात त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांचाही हात होता. ‘निबंधमाले’त ज्यांची लेखणी चाबकासारखी फिरे, त्यांना या गोष्टी सांगणाऱ्या शहरजादीची संगत बाटवणारी वाटली नाही. आणि पुस्तकाच्या नावातच ‘सुरस’ आणि ‘चमत्कारिक’ आहे, ‘बोधप्रद’ नाही. शास्त्रीबुवांनी गिऱ्हाइकाला फसवले नव्हते.

इथवर माझ्या बाजूने माना डोलावणाऱ्या सुधारकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. त्यांचा युक्तिवाद असा: या मुलांना कादंबऱ्या द्या, म्हणजे ती आधुनिक होतील; एकाग्रता वाढेल, भाषा सुधारेल, कट्टरपणा कमी होईल. हाही बोधवाद्यांचाच चुलतभाऊ. एकाला गोष्टीतून सदाचार हवा, दुसऱ्याला नागरिकशास्त्र. गोष्टीला गोष्ट म्हणून जगू द्यायला दोघेही तयार नाहीत. पाठांतर करून आलेल्या मुलाच्या हाती कडू काढ्यासारखे पुस्तक टेकवायचे आणि वर विचारायचे, “मग, काय शिकलास?” ही सुट्टी नव्हे, तासिका लांबवली, एवढेच.

“पोरं वाचतात कुठे, मोबाईलच पाहतात,” हेही ऐकू येते. पाहतात खरी. पण ज्या मुलाला गोष्टीचे पुस्तक चोरून वाचावे लागते आणि मोबाईल उघडपणे मिळतो, त्याच्या निवडीला दोष देताना आपण कोणते दार बंद केले तेही बघावे.

माझा पक्ष साधा आहे. धर्मग्रंथ वाचणारा विद्यार्थी बांधील असतो. त्याला अक्षर पाळायचे असते, स्वर पाळायचा असतो, अर्थ मानायचा असतो. तेच त्या वाचनाचे मोठेपण. मौजेच्या पुस्तकाला यातले काही नको असते. ते अर्ध्यावर टाकता येते, नायकाशी भांडता येते, शेवट आधी वाचता येतो. ही दोन नाती आहेत आणि माणसाला दोन्ही लागतात. एकाने दुसऱ्याची चाकरी करावी, ही अटच चुकीची.

असा माणूस पाहायचा तर मौलाना आझादांकडे पाहावे. दर्स-ए-निझामी त्यांनी घरीच कोवळ्या वयात पुरी केली होती. लहानपणी कलकत्त्याच्या डलहौसी चौकातल्या बागेत झाडीआड बसून आपण पुस्तक वाचत असू, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. 1942 च्या ऑगस्टमध्ये सरकारने त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात डांबले. कुराणाच्या ‘तर्जुमान’ या भाषांतर-भाष्याचे काम अपुरे होते. पण तिथे ते लिहीत बसले पांढऱ्या चिनी चहाबद्दल, खोलीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांबद्दल, तरुणपणी शिकलेल्या सतारीबद्दल. तो ‘गुबार-ए-खातिर’ 1946 मध्ये छापला गेला. ‘तर्जुमान’ शेवटपर्यंत पुरे झाले नाही. ज्यांना चिमण्यांचा तो वेळ वाया गेलेला वाटतो त्यांनी खुशाल तसे वाटून घ्यावे. उर्दू गद्य त्यांच्याशी सहमत नाही. आझादांची कबर जामा मशिदीजवळ आहे, उर्दू बाजाराच्या पुस्तकांच्या दुकानांपासून हाकेच्या अंतरावर.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे. 1953 ते 1959 या काळात राज्यसभेचे सदस्य म्हणून दिल्लीत वावरलेले, 1963 मध्ये भारतरत्न झालेले महामहोपाध्याय पां. वा. काणे. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहिणाऱ्या या माणसाने बाणाचे ‘हर्षचरित’ आणि भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ही संपादिले, अलंकारशास्त्राचा इतिहासही लिहिला. प्रायश्चित्ते मोजणाऱ्या हाताला बाणाच्या लांबलचक वाक्यांचा कंटाळा आला नाही.

दर्यागंजच्या फुटपाथवरून 2019 मध्ये उठवून आसफ अली रोडच्या महिला हाटमध्ये नेलेला पुस्तकबाजार आजही रविवारी भरतो. काही दुकानदार पुस्तके किलोवर विकतात. तराजूच्या एका पारड्यात व्याकरण, रहस्यकथा आणि फाटका शब्दकोश एकत्र पडतात आणि काटा कोणालाही वेगळा भाव देत नाही. विकणारा विचारत नाही, हे कशासाठी वाचणार. पाठशाळा आणि मदरसे एवढे शिकले तरी पुरे: एक कपाट ठेवा, त्याला कुलूप लावू नका, मुलाच्या वयाचा विचार करून ते भरा, आणि एकदा भरले की मुलाने कोणते पुस्तक नेले, का नेले, त्यातून काय घेतले, हे विचारू नका. वेदाचा आणि कुराणाचा पाठ तुम्ही काना-मात्रेसह तपासा, तो तुमचा अधिकार. सुट्टीतले पुस्तक तपासण्याचा अधिकार तुम्हाला कोणत्याच शास्त्राने दिलेला नाही.